पांढरा घोडा, पण कोणता पांढरा?

कर्जत आणि खालापूर हा काही घोडे पैदा करणारा मुलूख नव्हे. भाताची खाचरे, चिखल आणि चार महिने न हटणारा पाऊस यांत घोड्याच्या पैदाशीची परंपरा रुजली नाही. घोडा इथे बाहेरूनच यायचा. पण घोड्याला गिऱ्हाईक मात्र इथे भरपूर आहे, आणि ते तीन तऱ्हांचे आहे. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसे आणि सामान वाहणारे चारशेहून अधिक घोडे आहेत. खाली सपाटीवर मुंबई-पुण्याची लग्ने रिसॉर्टांत आणि फार्महाऊसवर लागतात, तिथे नवरदेवाला घोडी हवी असते. तिसरे गिऱ्हाईक चित्रीकरणाचे: चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ऐतिहासिक मालिका उभी राहिली की घोडदळही उभे करावे लागते. चौक हे सरनोबत नेतोजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्यामुळे त्यात एक औचित्यही आहे. यांतले पहिले गिऱ्हाईक घोड्याचे पाय, पाठ आणि स्वभाव बघते. बाकीची दोन रंग बघतात, आणि बहुतेक वेळा एकच रंग मागतात: पांढरा. पांढऱ्याला चार पैसे जास्त मोजण्याला माझा आक्षेप नाही. पांढरा घोडा कशामुळे पांढरा झाला आहे हे न विचारता ते मोजण्याला आहे. कारण पांढरेपणाच्या काही कारणांची किंमत घोड्याला आपल्या अंगावर फेडावी लागते, आणि ते कारण ओळखणे आता मूठभर केसांचे काम राहिले आहे.

घोड्याच्या अंगावर मुळात दोनच रंगद्रव्ये असतात, काळे आणि तांबूस. काळे रंगद्रव्य तयार होणार की नाही हे एमसी१आर नावाच्या जीनवर अवलंबून असते. त्यातला तांबूस रंगाला कारण होणारा बदल १९९६ मध्ये उलगडला. तयार झालेला काळा रंग अंगभर पसरू द्यायचा की आयाळ, शेपूट आणि पायांपुरता ठेवून कुमेत घोडा करायचा, हे एएसआयपी हा जीन ठरवतो. त्याचा उलगडा २००१ मधला. एवढ्या दोन गोष्टींवरूनही बाजारात सांगितली जाणारी वंशावळ तपासता येते. दोन तांबूस घोड्यांच्या पोटी काळे किंवा कुमेत शिंगरू येत नाही, आणि आले असेल तर बाप दुसरा आहे. पांढरेपणा मात्र या दोन जीनांमुळे येत नाही. तो निदान तीन वेगळ्या वाटांनी येतो, आणि त्या तिन्ही वाटांवरचे घोडे मांडवाच्या दारात उभे केले तर लांबून एकाच माळेचे मणी वाटतात.

पहिली वाट सब्ज्याची. हा घोडा जन्मतो काळा, कुमेत किंवा तांबूस. मग वर्षागणिक पांढरे केस वाढत जातात, मधल्या काळात अंगावर नाण्यांसारखे ठिपके दिसतात आणि काही वर्षांत तो दुधासारखा होतो. केस पांढरे झाले तरी कातडी काळीच राहते. नाकपुडीभोवती, पापण्यांवर किंवा मानेचे केस बोटांनी बाजूला सारून पाहिले की ती दिसते. दुसरी वाट क्रीम जीनची, म्हणजे एसएलसी४५ए२ मधल्या बदलाची. त्याची एक प्रत मिळाली तर तांबूस घोडा सोनेरी आणि कुमेत घोडा बदामी होतो; दोन प्रती मिळाल्या तर शिंगरू जन्मापासूनच साईच्या रंगाचे, गुलाबी कातडीचे आणि निळ्या डोळ्यांचे असते. तिसरी वाट केआयटी या जीनची. याचे तीसहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. त्यांत रंगपेशी गर्भावस्थेतच कातडीपर्यंत पोचत नाहीत. घोडा जन्मतः पांढरा, कातडी गुलाबी, पण डोळे बहुधा काळे. बाजार दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या घोड्यांना सरसकट नुकरा म्हणतो, आणि विक्रेता इंग्रजी बोलणारा असला तर अल्बिनो म्हणतो. खरा अल्बिनो घोडा आजवर कुठे नोंदलेला नाही, पण बाजाराला असल्या तपशिलाशी देणेघेणे नसते.

सब्ज्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण पांढऱ्या घोड्यांत तोच सर्वांत जास्त आढळतो. २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की एसटीएक्स१७ या जीनमधला सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला की घोडा सब्जा होतो, आणि जगभरचे सब्जे हा बदल एकाच पूर्वजाकडून घेऊन आले आहेत. हाच बदल कातडीतल्या रंगपेशींना सतत वाढायला लावतो. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्या घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांच्या अंगावर रंगपेशींच्या गाठी, म्हणजे मेलॅनोमा, आढळतात. त्या येतात शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांत, कानामागच्या लाळग्रंथीपाशी. म्हणजे नेमक्या अशा ठिकाणी, जिथे सजवलेल्या घोड्याकडे कोणी बघत नाही. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहतात, काही फुटतात, काही आत पसरतात. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली: बदलाच्या दोन प्रती असलेल्या सब्ज्यांना गाठींचा धोका एक प्रत असलेल्यांपेक्षा जास्त असतो, आणि जो सब्जा मुळात काळा जन्मलेला असतो त्यालाही जास्त. इथे पैदास करणाऱ्याचा स्वार्थ आणि घोड्याचे हित यांची थेट टक्कर होते. दोन प्रती असलेल्या वळू घोड्याचे प्रत्येक शिंगरू सब्जे निघते. रंगाला भाव देणाऱ्या बाजारात असा वळू म्हणजे लक्ष्मीच. आणि गाठींची शक्यता सर्वांत मोठी असलेला घोडाही तोच.

गुलाबी कातडीच्या घोड्यांची दुखणी वेगळी. उन्हाने कातडी भाजणे आणि पापण्यांच्या कडेला कर्करोग होणे ही त्यांतली मुख्य. कोकणातल्या पावसात पाय आठवडेच्या आठवडे ओले राहिले की गुलाबी कातडीवर खपल्या धरतात. काळ्या पायांपेक्षा पांढऱ्या पायांना हा त्रास अधिक. रंगद्रव्य नसलेल्या कातडीचे काय होते हे या भागातल्या गुराख्यांनी दुसऱ्या जनावरांत पाहिलेले असते. घाणेरी खाल्लेल्या बांड्या गाईची कातडी उन्हात सोलवटते ती पांढऱ्या ठिपक्यांवर, काळ्या भागावर नव्हे. अबलख घोड्यांत तर आणखी गुंता आहे. पांढरे पट्टे उमटवणाऱ्या जीनांपैकी काहींनी काहीच बिघडत नाही. काहींनी तोंडावर भरपूर पांढरे, डोळे निळे आणि कान बहिरे असे त्रांगडे होते. अमेरिकेतल्या पेंट जातीच्या घोड्यांत आढळणाऱ्या एका प्रकारात, ज्याचे मूळ ईडीएनआरबी जीनमध्ये असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले, आईबाप दोघेही ठणठणीत असतात; पण दोघांकडून एकेक प्रत मिळालेले शिंगरू पूर्ण पांढरे जन्मते, त्याच्या आतड्यात मज्जापेशीच तयार झालेल्या नसतात आणि ते काही दिवसांत पोटफुगीने मरते. अशा जोडीच्या चारांतल्या एका शिंगराच्या नशिबी हे असते. चाचणी आल्यापासून तिथले शहाणे पैदासकार अशी जोडी जुळवतच नाहीत. रंग काढून टाकावा लागला नाही, फक्त कोणाला कोणाशी जुळवायचे नाही एवढे कळावे लागले.

आता बाजाराचा हिशेब. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, अकलूजचा बाजार असतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा असते. दरवर्षी अमुक लाखांचा, तमुक कोटीचा घोडा आल्याच्या बातम्या झळकतात आणि त्यांत उंची, रंग आणि पंचकल्याण, देवमण अशा शुभ मानलेल्या खुणांचे कौतुक असते. सब्जा तरणा असताना विकला जातो, तेव्हा त्याचे तेज डोळ्यांत भरते. गाठी येतात उतारवयात. तोवर घोडा वरातीच्या ठेकेदाराकडून भाड्याच्या घोडेवाल्याकडे आणि तिथून आणखी कोणाकडे गेलेला असतो. रंगाचा जादा भाव पहिल्या विक्रेत्याच्या खिशात पडतो आणि औषधपाण्याचा खर्च शेवटच्या, बहुधा सर्वांत गरीब धन्याच्या गळ्यात पडतो. ज्याला नुकसान सोसावे लागते त्याचा किंमत ठरवण्यात हातच नसेल, तर ती किंमत आपणहून कधी सुधारत नाही. ‘बाजार पाहून घेईल’ हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही. बाजाराला दिसत नाही तेच त्याला दाखवावे लागेल.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घोड्याचा रंग आणि अंगावरचे भोवरे पाहून त्याची पारख करण्याचे शास्त्र आपल्याकडे शेकडो वर्षांचे आहे. शालिहोत्राची परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातही घोड्यांचा ऊहापोह आहे. बाहेरच्या खुणांवरून आतले ओळखावे ही त्यामागची बुद्धी चुकीची नव्हती. हाताशी साधन तेवढेच होते. पण त्या खुणांपैकी कोणत्या खऱ्या ठरल्या हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मारवाडी घोड्यांच्या परंपरेत सब्जा सर्वांत मोलाचा आणि काळा अशुभ, मृत्यूचा रंग. प्रत्यक्षात नुसत्या काळ्या रंगाने घोड्याचे काहीही बिघडत नाही, आणि गाठींचा धोका आहे तो सब्ज्याला. शुभाशुभाचा कौल इथे बरोबर उलटा पडला आहे. शिवाय रंगाची आवड ही काही अचल गोष्ट नाही. प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून २००९ मध्ये दिसून आले की माणसाळण्याआधीचे घोडे बहुतांशी कुमेत किंवा काळे होते आणि रंगांची विविधता सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, माणसाने निवड सुरू केल्यावर, एकदम वाढली. पुढे युरोपात मध्ययुगात ठिपकेदार आणि अबलख घोडे मागे पडले, एकरंगी पुढे आले. गिऱ्हाइकाच्या आवडीने घोड्यांचे जीन याआधीही बदलले आहेत. परंपरेतच रंगाचा एक निर्विवाद उपयोगही आहे, तो ओळख पटवण्याचा. मोगल सैन्यात घोड्याला डाग देऊन त्याचे वर्णन लिहून ठेवत, म्हणजे चांगला घोडा दाखवून रोडका हजेरीला उभा करता येऊ नये. त्या कामी रंगाइतके सोयीचे काही नव्हते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सब्जा घोडा उष्ण प्रदेशात चांगलाच टिकतो. पांढरे केस ऊन परतवतात, काळी कातडी खालून राखण करते. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी तर दाखवले की गडद घोड्यांच्या मानाने पांढऱ्यांवर घोडमाशा कमी बसतात. गाठी येतात त्या बहुधा म्हातारपणी, आणि कित्येक सब्जे त्यांच्यासकट वीस-पंचवीस वर्षे जगतात. मग एवढा गहजब कशासाठी? हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी सब्ज्याची पैदास बंद करा असे म्हणत नाही. उलट २०२४ मध्ये त्याच स्वीडिश परंपरेतल्या संशोधनाने एक दिलासा देणारी गोष्ट सांगितली. सब्ज्याच्या जीनमधला तो तुकडा सगळीकडे सारखाच नसतो. काही घोड्यांत तो दोनदा लिहिलेला असतो, काहींत तीनदा. तीनदा असेल तर घोडा झपाट्याने पांढरा होतो आणि गाठींचे प्रमाण जास्त. दोनदा असेल तर तो सावकाश पांढरा होतो आणि गाठी कमी. म्हणजे ज्याला पांढराच घोडा हवा त्याच्यापुढेही निवड आहे. मात्र ही निवड नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही, आणि बाजाराचा कल नेमका उलट्या बाजूला आहे: लवकर पांढरे होणारे शिंगरू लवकर विकले जाते. सब्ज्याच्या भल्यासाठी बोलणाऱ्यांनीच खरे तर चाचणीचा आग्रह धरायला हवा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. माथेरानच्या घोडेवाल्याला दाण्यावैरणीचा आणि नालबंदाचा खर्च भागवताना नाकी नऊ येतात, त्याला जीनच्या चाचण्या कसल्या सांगता? त्याला सांगायच्याच नाहीत. चाचणी करायची ती वळू घोड्याची. एक वळू एका हंगामात कित्येक घोड्या भरवतो. त्याच्या आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घातले की नमुना तयार. रक्त काढायला नको, बर्फ नको, पोस्टाने जातो. असे काही आपल्याकडे चालणार नाही असे वाटत असेल तर गाईंकडे पाहावे. गोठीत रेत केंद्रांत होल्स्टीन जातीच्या वळूला काही आनुवंशिक रोगांच्या चाचण्यांतून पार पडल्यावाचून प्रवेश मिळत नाही. तसा दंडकच आहे. त्या चाचणीचा एक रुपयाही दूधवाल्या शेतकऱ्याकडून घेतला जात नाही आणि फायदा मात्र त्याच्याच गोठ्यात पोचतो. कर्जतकरांना तर ही भाषा नवखी वाटण्याचे कारण नाही. इथल्या भात संशोधन केंद्राने दिलेली कर्जत-३ सारखी वाणे शेतकऱ्याने लोंबीच्या रंगावर भाळून घेतली नाहीत. किती दिवसांत येते, किती उतरते, हे विचारून घेतली.

आणखी एक शंका थेट माथेरानातून येते. डिसेंबर २०२२ पासून तिथे ई-रिक्षा प्रायोगिकरीत्या आल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांचीही चिंता उघड आहे. वाहतुकीचा घोडाच उद्या राहणार नसेल तर त्याच्या जीनची चर्चा कशाला? मला नेमके उलटे दिसते. वाहतुकीचे काम कमी झाले की घोडा उरेल तो वरातीपुरता, फोटोपुरता, चित्रीकरणापुरता आणि हौशी रपेटीपुरता. आज निदान दस्तुरी नाक्यावर तरी पाय आणि पाठ यांना किंमत आहे. काळा, कुमेत, तांबूस, बांडा, सगळे एकाच दराने चढण चढतात. कामाचा घोडा हा रंगाच्या बाजारावरचा एक अंकुश आहे. तो सुटला की पैदाशीची दिशा केवळ दिसण्यावर ठरेल. कुत्र्यांच्या हौशी जातींचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. म्हणून हा विषय माथेरानचे घोडे शाबूत असतानाच हाती घ्यायला हवा.

संधीही आत्ताच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. पैदाशीचा उद्योग उभारणाऱ्याला ५० लाख रुपयांपर्यंत, ५० टक्के भांडवली अनुदान आणि घोड्यांच्या रेत केंद्रांसाठी व पैदास केंद्रांसाठी १० कोटींची तरतूद त्यात आहे. सार्वजनिक पैशातून वळू पाळायचा असेल तर त्याच्या रंगाच्या जीनांचा दाखला जोडण्याची अट घालणे अगदी रास्त आहे. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने चाचणीचे दर आणि पद्धत ठरवून द्यावी, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाने नमुने घ्यावेत. पशुवैद्यक घडवण्याचा जिला १८८६ पासूनचा वारसा आहे त्या संस्थेला हे जड नाही. सारंगखेडा, अकलूज आणि माळेगावच्या यात्रा समित्यांनी सुरुवातीला सक्ती न करता एवढेच करावे: दाखला असलेल्या वळूंची वेगळी दावण ठेवावी. गिऱ्हाईक आपसूक तिकडे वळेल. आणि कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टवाल्यांनी, चित्रीकरणाला घोडे पुरवणाऱ्या ठेकेदारांनी ठरवले तर त्यांना कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही. पांढरी घोडी हवी तर सब्जी घ्या, गुलाबी कातडीची नको, आणि शेपटीखाली गाठी आहेत का ते पशुवैद्याकडून बघून घ्या, इतके सांगितले तरी मागणीचा कल बदलू लागेल.

सर्वांत निकडीचे काम भीमथडीचे आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा दख्खनी घोडा. मराठ्यांच्या घोडदळाचा, आणि आता मुख्यतः मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणाऱ्या धनगरांचा. दिवाळीनंतर घाट उतरून रायगडात येणाऱ्या वाड्यांबरोबर तो इथेही दिसतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदले. नोंदणी झाली की प्रदर्शने येतात, बक्षिसे येतात, आणि मग परीक्षकाच्या नजरेत भरणारा रंग येतो. धनगराने या घोड्याची निवड ओझे, चाल, काटकपणा आणि रात्री तळावर गुमान उभे राहण्याचा गुण यांवर केली. रंगाने त्याच्या घोड्याला कधी ओझे उचलायला मदत केली नाही. ही जात अजून रंगाच्या बाजारात सापडलेली नाही. तिच्या वंशनोंदवहीची पाने आता भरली जाऊ लागतील. त्यांत घोड्याच्या रंगाबरोबर त्या रंगाचा जीन, आणि त्याच्या शेजारी किती ओझे किती कोस वाहिले याचा रकाना असावा. प्रदर्शनात गुण द्यायचे ते या दुसऱ्या रकान्याला द्यावेत, पहिल्याला अजिबात नकोत.